घर दोघांचं झाल्यावर

मुलगा नोकरीला बंगळूरला गेला, पाठोपाठ मुलगी शिकायला परदेशी गेली, की मागे राहिलेल्या दोघांना मिळणारा सल्ला ठरलेला असतो: आता मन रमवा. भजनी मंडळात जा, योगवर्ग लावा, सहली करा, राहून गेलेली पेटी शिका. सल्ला देणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण त्यामागे एक समजूत आहे, की मुलं गेल्यावर बिघडतं ते फक्त आईबापांचं मन, घर मात्र होतं तसं चालत राहतं. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी फार नुकसान होतं.

आधी बिघडतं ते घर. चार माणसांच्या मापाने बसलेलं घर दोघांना चालवता येत नाही. आमटी रोज उरते. मुलांच्या न्हाणीघरातून वास यायला लागतो. गॅस नोंदवायला गेलं की ओटीपी मुलाच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो. मुलाने नोकरी बदलली की त्याच्या कंपनीचा विमा गेल्याचं दवाखान्याच्या खिडकीवर कळतं. अशा दहा गोष्टी एकामागून एक अंगावर आल्या की माणूस खचतो, आणि त्याला वाटतं आपण मुलांच्या आठवणीने खचलो. आठवण असतेच. तिच्यावर उपाय नाही आणि तो शोधूही नये. त्या दहा गोष्टींवर मात्र आहे.

मुलं गेल्यानंतरचे पहिले सहा महिने घराच्या फेरमांडणीसाठी राखून ठेवावेत, आणि त्यातलं निम्मं काम घरातल्यांचं तर निम्मं सोसायटीचं आहे, असं माझं म्हणणं आहे. हे निम्मं-निम्मं आपल्याकडे अजून कोणी मानत नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातून करायची, कारण तिथली चूक दिवसातून दोनदा होते. ‘सगळं निम्मं टाकायचं’ हा हिशेब तिथे चालत नाही. पाच लिटरच्या कुकरात डबे लावताना तळाला दीड-दोन वाट्या पाणी घालतात. डब्यात तांदूळ दीड वाटी असो की पाऊण वाटी, तळाचं पाणी तेवढंच लागतं, कारण ते भात शिजवायला नसतं, कुकरची पोकळी वाफेने भरायला असतं, आणि पोकळी काही निम्मी झालेली नसते. सवयीने तेही कमी केलं की तळ कोरडा पडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. कढईचं तसंच. दहा इंची कढईत पाव किलो भाजी पातळ थरात पसरते, अंगचं पाणी भराभर उडून जातं, शिजण्याआधीच करपते. पाणी वाढवलं तर पचपचीत होते. फोडणी तर सगळ्यात नाजूक. मोहरी तडतडायला ती तेलात बुडलेली असावी लागते. दोन चमचे तेलाचा एक चमचा केला आणि कढलं जुनंच मोठं ठेवलं, तर तेल पसरून जातं, मोहरी अर्धी कच्ची अर्धी जळकी राहते आणि हिंग कडवट होतो. घरातल्या बाईला वाटतं हाताची चव गेली. मग ‘दोघांसाठी कशाला एवढं’ म्हणत रात्रीचं जेवण चहा-पोळीवर येतं. चव कुठेही गेलेली नसते. भांडं मोठं असतं.

म्हणून आधी भांडी बदलावीत: दोन-तीन लिटरचा कुकर, सात-आठ इंची कढई, तळहाताएवढं कढलं. मोठी भांडी माळ्यावर टाकावीत, दिवाळीला उतरतील. माप एकदा वजनकाट्यावर ठरवून घ्यावं आणि त्याच्या वाट्या वेगळ्या ठेवाव्यात. दोघांना एका वेळेला तांदूळ १०० ते १२० ग्रॅम, तूरडाळ ५० ते ६० ग्रॅम, कणीक दीडशे ग्रॅम पुरते. एवढ्या कणकेच्या पाच-सहा पोळ्या होतात. दिवसाला आठ पोळ्या धरल्या तर महिन्याला सहा-सात किलो गहू लागतात. ते एकदम दळून आणू नयेत. पावसाळ्यात पिठाला जाळी धरते, नाहीतर ते कडू होतं. दोन-तीन किलोची दळणं करावीत आणि गिरणीवाल्याला तसं सांगून ठेवावं.

वयाबरोबर भूक घटते, प्रथिनांची गरज घटत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीतून त्यातले जेमतेम पाच मिळतात. घरात वाढती मुलं होती तेव्हा उसळ, दही, अंडी त्यांच्या निमित्ताने होत होती. ते निमित्त गेलं आणि पदार्थही गेले, हे अनेक घरांत घडतं. शंभर ग्रॅम मूग किंवा मटकी भिजवली की दोघांच्या दोन वेळच्या उसळीची सोय होते. आठवड्यातून तीनदा भिजत घालण्याचे वार ठरवून टाकावेत.

आता मुलांची खोली. तिचा देव्हारा करू नये आणि अडगळीची खोलीही करू नये. मुलांनी पहिल्याच सुट्टीत येऊन काय ठेवायचं, काय द्यायचं, काय टाकायचं ते स्वतः ठरवावं. एका कपाटात मावेल तेवढं ठेवावं. आईने पोराच्या वह्या एकटीने चाळत बसणं हे काम नाही, शिक्षा आहे. खोली मोकळी झाली की ती रोजच्या वापरात आणावी. एकाच्या घोरण्याने दुसऱ्याची झोप मोडत असेल तर दोन खोल्यांत झोपण्यात काहीही गैर नाही.

खोलीपेक्षा तिला लागून असलेलं न्हाणीघर जास्त त्रास देतं, आणि ते का हे बहुतेकांना माहीत नसतं. दार लावून ठेवलं की काही आठवड्यांत तिथून गटाराचा वास येतो, झुरळं निघतात. मग फिनेल ओततात, पेस्ट कंट्रोल करतात, प्लंबर बोलावून फरशी फोडायची भाषा सुरू होते. कारण अगदी साधं असतं. जमिनीवरच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो आणि त्याच्या वाकात सुमारे दोन इंच पाणी कायम साठलेलं असतं. ते पाणी हाच ड्रेनेजच्या वासाला आणि झुरळांना अडवणारा दरवाजा. वापर थांबला की पाणी आटतं, उन्हाळ्यात तर दोन-तीन आठवड्यांत, आणि दरवाजा उघडा पडतो. आठवड्यातून एकदा जाळीवर दोन तांबे पाणी ओतावं, बेसिनचा नळ मिनिटभर सोडावा, कमोड एकदा फ्लश करावा. नातवंडासाठी सहा महिने परदेशी जायचं असेल तर पाणी भरल्यावर वरून दोन चमचे खाद्यतेल सोडावं. तवंग धरतो आणि पाणी आटायला वेळ लागतो; तरी महिन्या-दोन महिन्यांनी शेजाऱ्याला पाणी ओतायला सांगून ठेवावं.

मुलाची मोटारसायकल खाली उभी असते. ती आठवड्यातून एकदा वीस मिनिटं चालली नाही तर बॅटरी उतरते, आणि विमा मात्र दरवर्षी भरावा लागतो. ती विकायची तर आरटीओच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर ज्याच्या नावावर गाडी आहे त्याची सही लागते. हा निर्णय मुलगा विमानात बसण्याआधी झालेला बरा.

दोघं वापरतात त्या न्हाणीघरात मात्र खर्च करावा. कमोडशेजारी आणि शॉवरखाली धरायला दांडा हवा, जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर, विटेत फासनर ठोकून पक्का केलेला. टाइलला चिकटणारे रबरी कपवाले दांडे घेऊ नयेत. माणसाचं पूर्ण वजन आलं की ते निसटतात. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॅच बसवावं. पडलेल्या माणसापर्यंत पोचायला दार फोडावं लागलं तर तेवढा वेळ जातो, आणि दार आत उघडणारं असेल तर ते पडलेल्या माणसावरच आदळतं.

कागदांकडे वळू. घराचे सगळे व्यवहार गेल्या काही वर्षांत मोबाइलवर आले आणि ते मुलांनी आणले. गॅस, लाइट बिल, बँक, विमा, मालमत्ता कर, सोसायटीच्या फाटकाचं ॲप, या सगळ्यांना नंबर मुलाचा. मूल परदेशी गेलं की इथलं प्रीपेड सिम पडून राहतं. ९० दिवस वापर नसलेला नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. म्हणजे तुमच्या बँकेचा ओटीपी तिऱ्हाइताच्या फोनवर. आठवड्याला एक याप्रमाणे हे सगळे नंबर आईच्या किंवा वडिलांच्या नावाच्या सिमवर आणावेत. सगळे एकाच फोनवर नकोत. दोघांपैकी ज्याने आजवर बँकेचा उंबरा ओलांडलेला नाही, त्याच्या हातून निदान वीजबिल आणि गॅसनोंदणी दर महिन्याला व्हावी. एक जण दवाखान्यात असताना दुसऱ्याला फोनचा पासवर्डही माहीत नसणं, हे आपल्याकडे सर्रास आहे.

बँकेत दोघांची ठेव ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणालाही, किंवा मागे राहील त्याला) असली म्हणजे झालं, असं समजतात. मुदतीआधी एकाचं निधन झालं तर दुसऱ्याला ती ठेव मोडता यावी यासाठी दोघांनी आधी लेखी संमती दिलेली असावी लागते. ती फॉर्मवर आहे का हे शाखेत जाऊन पाहावं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, टक्केवारीही लिहिता येते. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं, आणि सोसायटीतल्या फ्लॅटचंही तेच आहे. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेईल, वारसांचा हक्क त्याने संपत नाही. म्हणून मृत्युपत्र हवंच. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये.

याच टप्प्यावर एक मोठी चूक होते. मुलांना राहतं घर बक्षीसपत्राने देऊन टाकणं महाराष्ट्रात स्वस्त आहे. मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. ‘आज ना उद्या त्यांचंच आहे’ म्हणून सही होते. तसं करू नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली असं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण त्यात पालनपोषणाची अट असल्याचं दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात या अटीवर बोट ठेवलं; २०२५ मध्ये त्याच कायद्याकडे अधिक उदारपणे पाहिलं. न्यायालयाच्या उदारपणावर घर टांगून ठेवण्यापेक्षा मृत्युपत्र करावं. ते उद्या बदलता येतं, बक्षीसपत्र येत नाही.

विम्याचंही आधी पाहावं. मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीत आईबापांची नावं असतात तोवर सगळे निश्चिंत असतात, आणि मुलगा नोकरी बदलतो किंवा परदेशी जातो त्या दिवशी ती पॉलिसी संपते. नवी घेताना जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी मिळत नाही ही अट १ एप्रिल २०२४ पासून राहिलेली नाही, तरी साठीच्या आत स्वतःच्या नावाची घेतलेली बरी. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते कार्ड काढून ठेवावं, आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात ते चालतं हे आजार नसतानाच विचारून घ्यावं.

इथवर घराचं निम्मं झालं. उरलेलं निम्मं दाराबाहेर आहे.

मुलं निघून गेलेलं घर महाराष्ट्राला नवं नाही. कोकणाने हे चार-पाच पिढ्या पाहिलं. रत्नागिरीचा, सावंतवाडीचा कर्ता पुरुष मुंबईच्या कापडगिरणीत लागला, घर म्हाताऱ्यांवर आणि बायकांवर राहिलं, मनीऑर्डरवर चाललं. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि आधीच्या दहा वर्षांत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली होती. तिथली म्हातारी माणसं सुखात होती असं कुणी म्हणू नये. दारिद्र्य होतं, दवाखाना कोसांवर होता. पण एक गोष्ट होती. सकाळी चूल पेटलेली दिसली नाही तर वाडीतलं कोणीतरी खळ्यात येऊन हाक मारायचं. त्याला कुणी नेमलेलं नव्हतं. घरांची मांडणीच तशी होती: पुढचं दार उघडं, पडवीत उठबस, पाणी एका विहिरीवर.

शहरातल्या फ्लॅटने कोकणातलं निघून जाणं घेतलं आणि वाडी घेतली नाही. दार बंद, सेफ्टी डोअर बंद, दूध पिशवीतून, पेपर मोबाइलवर. पूर्वी दाराशी साठलेले पेपर पाहून तरी शेजाऱ्याला कळायचं. आता दोन दिवस कुणी बाहेर आलं नाही तर ते कळण्याची एकही जागा इमारतीत उरलेली नाही. २०११ मध्येच राज्यातला दर दहावा माणूस साठीपुढचा होता. आज पुण्या-मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांच्या मजल्यांवरून फिरलं तर दोघांची आणि एकटीची घरं हा अपवाद राहिलेला नाही. तरी सोसायटीचे सगळे नियम चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी आखलेले आहेत.

एक उदाहरण पाण्याचं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटली जाते, माणसांवर किंवा वापरावर नाही. तीन न्हाणीघरांच्या फ्लॅटमध्ये दोघं राहात असली तरी वापरात नसलेल्या नळांचे पैसे ती भरतात. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांत ही रक्कम किरकोळ नसते. फ्लॅटनिहाय मीटर बसवले तर हा अन्याय जातो, शिवाय गळतीही सापडते. पाणी एका उभ्या पाइपातून न येता अनेक पाइपांतून येत असेल तर एका फ्लॅटला तीन-चार मीटर लागतात आणि खर्च वाढतो, हे खरं आहे. निदान प्लंबिंग बदलायला काढतील तेव्हा तरी हा विचार व्हावा.

पण पाण्यापेक्षा मोठी गोष्ट माणसाची आहे आणि तिला जवळजवळ खर्च नाही. यावर आक्षेप येतो की सोसायटी म्हणजे काही वृद्धाश्रम नव्हे, आणि कोण कधी दार उघडतं यावर कुणी नजर का ठेवावी? दुसरा भाग रास्त आहे. म्हणून सगळं ज्याच्या त्याच्या इच्छेने व्हावं. ज्यांना नको त्यांचं नाव यादीत नको. पहिला भाग मान्य नाही. लिफ्टची, पंपाची, कुंपणाची देखभाल सामाईक मानणाऱ्या संस्थेने आपल्या सभासदांपैकी कुणी न्हाणीघरात पडून आहे का, हे सकाळी दहापर्यंत कळण्याची सोय करणं तिच्या कामाबाहेरचं कसं?

मुलांचं काम वेगळं आहे आणि तेही नीट बांधलेलं असावं. ‘वेळ मिळेल तेव्हा फोन करतो’ यात आईबाप दिवसभर फोन उशाशी घेऊन बसतात. वार आणि वेळ ठरलेली हवी. कॅलिफोर्नियातल्या संध्याकाळी सातला इथे उन्हाळ्यात सकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ होतात. मार्च आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं सरकली की इथली वेळ पुन्हा सांगावी, नाहीतर तासभर उगाच काळजी होते. मुलांच्या फोनमध्ये शेजाऱ्यांचे, वॉचमनचे आणि आईबापांच्या डॉक्टरांचे नंबर असावेत. दूरवर असलेल्या मुलाचा फोन आईने उचलला नाही तर पुढचा फोन कुणाला करायचा, हे त्याला ठाऊक हवं.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी निघते. त्याआधी सचिवांना अर्ज देऊन सकाळच्या या चौकशीचा विषय सभेच्या पत्रिकेवर घेता येतो. ठराव चार-पाच ओळींचा पुरे. इच्छुक घरांची यादी, प्रत्येकाचा रक्तगट, डॉक्टर आणि मुलांचा नंबर, कार्यालयात बंद पाकिटात. प्रत्येक जिन्यावर दोन घरं नेमलेली, ज्यांच्याकडे किल्ली. किल्लीने उघडायची तर आतली वरची कडी रात्री लावायची नाही, हे त्या घरांनी कबूल केलेलं. सकाळी दहापर्यंत दूध किंवा कचऱ्याचा डबा दाराशी तसाच दिसला तर सफाई कामगाराने वॉचमनला सांगायचं, वॉचमनने घंटी वाजवायची, उत्तर नाही आलं तर किल्लीवाल्या घराला. तातडीच्या मदतीचा ११२ आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतीचा १४५६७ हे दोन नंबर लिफ्टमध्ये, चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या अक्षरात.